गाण्यांचा अंक काढताय? आधी घडी घाला



वस्तीतली कॉलेजची मुले-मुली यंदा संगीतावर अंक काढणार आहेत. उत्साह दांडगा आहे. पण बैठकीत पहिला ठराव काय झाला, तर मुखपृष्ठ रंगीत हवे आणि त्यावर सिनेमातला गायक हवा! आतली पाने किती, हे कुणीच विचारले नाही. मी पडलो हिशेबाचा माणूस, म्हणून सुरुवात घडीपासून करतो.

ए-फोर कागद मधून दुमडला की ४ पाने होतात. म्हणून पिना मारलेल्या अंकाची पाने ४ च्या पटीतच येतात : १६, २०, २४. मजकूर १८ पानांचा जमला, तर २ पाने कमी करा किंवा वाढवा. आधी ४ कोरे कागद दुमडून डमी करा, पानांवर आकडे घाला आणि उलगडून पाहा. १६ शेजारी १, २ शेजारी १५. बेरीज दर वेळी १७. बेरीज चुकली की पान चुकले! (पालकांनो, मुले कागद दुमडत बसली तर रागावू नका.) ८ आणि ९ ही मधली पाने सलग असतात, मोठा तक्ता तिथेच ठेवा.

तक्ता म्हणजे स्वरलिपी. संगीताचा अंक इतर अंकांहून निराळा होतो तो इथे. पं. विष्णु नारायण भातखंडे (१८६०-१९३६) यांच्या पद्धतीत कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र सप्तकाला खाली बिंदू आणि तार सप्तकाला वर. त्रितालाच्या १६ मात्रांना १६ रकाने लागतात, आणि गाण्याचे अक्षर नेमके आपल्या स्वराखाली बसावे लागते. लहान पानावर दोन कॉलम पाडले की सारे कोलमडते. लेख कॉलमात लावा, पण स्वरलिपीला पूर्ण रुंदी द्या. दोन ओळींत जागाही सोडा, नाहीतर बिंदू वरच्या स्वराचा की खालच्या, हे कळत नाही.

आता जागा कुणाला किती द्यायची? कॅसेटच्या कव्हरवर गायकाचा फोटो मोठा, गीतकाराचे नाव मुंगीएवढे, आणि ढोलकीवाला बहुधा नाहीच. आता गाणे मोबाइलवरून फिरते तेव्हा मुंगीएवढेही नाव उरत नाही. वामनदादा कर्डकांचे (१९२२-२००४) गीत 'लोकगीत' म्हणून जाहीर करणारा निवेदक मी स्वतः ऐकला आहे. म्हणून प्रत्येक गाण्याच्या मथळ्याखाली एकाच जागी, एकाच टायपात चौकट आखा : गीतकार, चाल, गायक, वादक. चौकट रिकामी राहिली की डोळ्याला टोचते, आणि मग पोरे नाव शोधायला बाहेर पडतात. गाण्याचे पूर्ण शब्द छापायचे तर कवीची किंवा वारसांची परवानगी घ्या. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे कवीच्या निधनानंतरही ६० वर्षे हक्क राहतो.

मुखपृष्ठ रंगीत कागदावर काळ्या शाईतही उठून दिसते. त्यावर आपल्या ढोलकीवाल्याचे हात घ्या की! फोटो मात्र दिवसाउजेडी काढा. अंधारातला फोटो झेरॉक्सवर नुसता काळा डाग होतो.

आणि छापण्याआधी शेवटचे प्रूफ ज्यांची नावे अंकात आहेत त्यांना वाचून दाखवा. बाबू की बाबूराव, हे ज्याचे त्यालाच ठाऊक.