दलाली घेणाऱ्याने दायित्वही घ्यावे

‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी पुण्याच्या पेठांतील दुकानांत कित्येक पिढ्यांनी वाचली. पाटी अन्यायाची होती. परंतु तिच्याखाली बसलेला दुकानदार समोर दिसत होता, त्याच्याशी चार शब्द भांडता येत होते. आज मोबाइलवरून मागवलेला मिक्सर नादुरुस्त निघाला, तर भांडावे कोणाशी? ऑनलाइन बाजारमंच विक्रेत्याकडे बोट दाखवतो, विक्रेता मुदत संपल्याचे सांगतो, आणि ग्राहकाचा संताप कोसळतो तो पाठीवर ओझे घेऊन दारात उभ्या असलेल्या डिलिव्हरीच्या तरुणावर. त्या तरुणाला या व्यवहारात ना नफा, ना निर्णयाचा अधिकार!

कायदा ग्राहकाच्या बाजूने नाही असे नव्हे. १९८६च्या ग्राहक संरक्षण कायद्याची जागा घेणारा २०१९चा कायदा २० जुलै २०२० रोजी अमलात आला. सदोष माल परत घेण्यास नकार देणे ही त्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर मुदत नसेल तर ती तीस दिवसांची धरली जाते. त्याच महिन्यात आलेल्या ई-कॉमर्स नियमांनी तक्रारीची पोच ४८ तासांत देण्याचे आणि तिचे निवारण महिन्याभरात करण्याचे बंधन घातले. तक्रार ग्राहकाला आपल्या राहत्या जिल्ह्याच्या आयोगापुढे नेता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीस शुल्क नाही. वकीलही अनिवार्य नाही.

मग अडते कुठे? अडते ते दायित्वाच्या प्रश्नावर. माल परत घेण्याची जबाबदारी नियमांनी मुख्यतः विक्रेत्यावर टाकली आहे, आणि ‘आम्ही केवळ मध्यस्थ’ असे म्हणण्याची सोय बाजारमंचाला माहिती तंत्रज्ञान कायद्याने ठेवली आहे.

गुलटेकडीच्या मार्केट यार्डातील अडत्याही मध्यस्थच असतो. माल त्याचा नसतो. तो अडत घेतो. तरीही १९६३च्या कृषी उत्पन्न बाजार कायद्याने त्याला परवान्याच्या आणि हिशोबपट्टीच्या बंधनात आणले. शेतकऱ्याची लूट तेवढ्याने थांबली नाही, हे खरे; परंतु जो दलाली घेतो तो उत्तरदायी असतो, हे तत्त्व प्रस्थापित झाले. जे तत्त्व यार्डातील अडत्याला लागू, ते जगभर पसरलेल्या भांडवलदार अडत्याला का नसावे?

हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही. सक्तीच्या भारतीय मानकाविना प्रेशर कुकर विकू दिल्याबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑगस्ट २०२२ मध्ये अॅमेझॉनला एक लाख रुपये दंड केला आणि विकले गेलेले २,२६५ कुकर परत घेऊन पैसे देण्याचा आदेश दिला. या विक्रीतून कंपनीला मिळालेले कमिशन होते ६,१४,८२५ रुपये. दंड कमाईच्या एक षष्ठांशाहून कमी! कंपनीने या आदेशाला दिल्ली उच्च न्यायालयात आव्हानही दिले. स्वयंपाकघरात स्फोटाचा धोका गृहिणीने पत्करायचा आणि कमिशन मात्र कंपनीने घ्यायचे, हा या अर्थव्यवस्थेचा न्याय आहे.

विक्रेत्याच्या हलगर्जीपणाने नुकसान झाल्यास बाजारमंचावरही दायित्व यावे, असा प्रस्ताव केंद्राच्याच जून २०२१च्या मसुद्यात होता. तशी तरतूद कायद्यात आलीच पाहिजे, आणि दंड कमाईच्या पटीत असला पाहिजे. माल परत नेणाऱ्या कामगाराला त्या फेरीची पूर्ण मजुरी मिळणे, ही याच मागणीची दुसरी बाजू आहे.

परंतु एकट्यादुकट्याचा हक्क कागदावरच राहतो. मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्या नेतृत्वाखाली १९७२ नंतर मुंबईच्या स्त्रिया लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या, तेव्हा महागाई हा राजकीय प्रश्न झाला. १९७४ साली पुण्यातच बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायत उभी केली. तिच्या विचारसरणीशी समाजवाद्यांचे मतभेद असतील. पण ग्राहकाला संघटित करण्याचा तिचा धडा नाकारण्याचे कारण नाही.

प्रत्येक शाखेने आठवड्यातील एक संध्याकाळ या कामासाठी राखून ठेवावी. बिल, मालाचे छायाचित्र आणि तक्रार क्रमांक जपून ठेवण्यास लोकांना शिकवावे, १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून द्यावी, आणि तेथे दाद न मिळाल्यास आयोगासाठी अर्ज लिहून द्यावा. पाचशे रुपयांच्या सदोष वस्तूसाठी एकटा माणूस लढत नाही, हाच कंपन्यांचा हिशोब आहे. तो चुकवणे कार्यकर्त्यांच्या हाती आहे.