विश्लेषण: अमेरिकेतील कॉलेज खेळाडू जाहिरातींतून कमावू लागले, पण जुनी पोस्ट त्यांना महाग का पडते?

अमेरिकेत कॉलेजच्या संघाकडून खेळणाऱ्या विद्यार्थ्याला २०२१ च्या मध्यापर्यंत स्वतःच्या सहीचा टी-शर्ट विकून पैसे घेण्याची मुभा नव्हती. इन्स्टाग्रामवर एखाद्या बुटाची जाहिरात केली, तर संघातून बाहेर पडण्याची वेळ येई. आता चित्र उलटे आहे. खेळाडूचे फॉलोअर किती, यावर कंपन्या त्याचा भाव ठरवतात. मात्र ज्या खात्यातून कमाई होते, त्याच खात्यावर वयाच्या चौदाव्या वर्षी लिहिलेली एखादी ओळ ती कमाई घालवूही शकते.

‘एनआयएल’ म्हणजे काय?

नेम, इमेज अँड लाइकनेस म्हणजे खेळाडूचे नाव, छायाचित्र आणि ओळख. यांचा व्यापारी वापर करण्याचा हक्क खेळाडूचा स्वतःचा, अशी ही संकल्पना. अमेरिकेतील सुमारे ११०० महाविद्यालये आणि पाच लाखांहून अधिक विद्यार्थी-खेळाडू ‘एनसीएए’ या संघटनेच्या नियमांखाली खेळतात. विद्यार्थी हा हौशी खेळाडू आहे, त्याने खेळातून पैसा मिळवू नये, ही या संघटनेची जुनी भूमिका. प्रत्यक्षात कॉलेज फुटबॉल आणि बास्केटबॉलच्या प्रक्षेपण हक्कांतून अब्जावधी डॉलर येत होते आणि प्रशिक्षकांना कोट्यवधींचे पगार मिळत होते. खेळणाऱ्याच्या वाट्याला मात्र शिष्यवृत्तीच येई.

बंदी कशी उठली?

यूसीएलए विद्यापीठाचा माजी बास्केटबॉलपटू एड ओबॅनन याने २००९ मध्ये दावा दाखल केला. एका व्हिडीओ गेममध्ये त्याच्यासारखाच दिसणारा खेळाडू होता, पण त्याला त्याचा एक छदामही मिळाला नव्हता. २०१९ मध्ये कॅलिफोर्निया राज्याने खेळाडूंना जाहिरातीचा हक्क देणारा कायदा केला आणि इतर राज्यांनी तोच मार्ग धरला. जून २०२१ मध्ये शैक्षणिक लाभांवरील मर्यादेच्या ‘ऑल्स्टन’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ९ विरुद्ध ० अशा मतांनी एनसीएएच्या विरोधात निकाल दिला. त्यानंतर दहा दिवसांतच, १ जुलै २०२१ पासून, संघटनेने एनआयएलवरील बंदी मागे घेतली.

पुढचा टप्पा जून २०२५ मधला. ‘हाउस’ खटल्यातील तडजोडीला न्यायालयाने मंजुरी दिली. जुन्या खेळाडूंना सुमारे २.८ अब्ज डॉलर भरपाई देण्याचे ठरले आणि महाविद्यालयांना पहिल्या वर्षी सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंतची रक्कम थेट खेळाडूंना देता येऊ लागली. बाहेरच्या कंपनीशी केलेला ६०० डॉलर किंवा त्याहून मोठा करार आता तपासणीसाठी नोंदवावा लागतो.

जुन्या पोस्ट कशा नडतात?

बंदी उठली त्याच दिवशी फ्रेस्नो स्टेटच्या बास्केटबॉल संघातील जुळ्या बहिणी हेली आणि हॅना कॅव्हिंडर यांनी एका मोबाइल कंपनीशी करार केला. टिकटॉकवर त्यांचे लाखो फॉलोअर होते. खेळाइतकीच खात्याचीही किंमत आहे, हे त्या दिवशी सर्वांना कळले.

त्या खात्याचा धोका मात्र आधीच दिसला होता. एप्रिल २०१८ मध्ये व्हिलानोव्हाचा डाँटे डिव्हिन्चेन्झो याने राष्ट्रीय अंतिम सामन्यात ३१ गुण मिळवले आणि त्याच रात्री लोकांनी त्याचे जुने ट्वीट शोधून काढले. डिसेंबर २०१८ मध्ये कायलर मरे याला कॉलेज फुटबॉलमधील सर्वोच्च मानाची हाइझमन ट्रॉफी मिळाली. काही तासांतच त्याची किशोरवयातील समलैंगिकांविषयीची अपमानास्पद ट्वीट पुढे आली आणि आनंदाच्या क्षणी त्याला माफी मागावी लागली. क्रिकेट पाहणाऱ्यांना हे नवे नाही. जून २०२१ मध्ये लॉर्ड्सवर कसोटी पदार्पण करणाऱ्या ऑली रॉबिन्सनला आठ-नऊ वर्षांपूर्वीच्या ट्वीटमुळे इंग्लंडने निलंबित केले होते.

यात एक क्रम दिसतो. पोस्ट लिहिली तेव्हा वाचणारे वर्गमित्र असतात. खेळाडू प्रसिद्ध होतो, तेव्हा तीच पोस्ट प्रतिस्पर्धी संघाचे चाहते आणि पत्रकार वाचतात. शब्द तेच राहतात, वाचणारे बदलतात.

करारात काय दडलेले असते?

जाहिरातीच्या करारात बहुधा वर्तनाचे कलम असते. खेळाडूच्या वागण्याने कंपनीच्या नावाला धक्का लागला, तर करार रद्द करण्याचा हक्क कंपनीला मिळतो. ‘धक्का’ कशाला म्हणायचे, हे संदिग्ध ठेवले असेल, तर निर्णय कंपनीच्या हाती जातो. करारापूर्वीच्या पोस्ट या कलमात येतात का, हे अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाने विचारलेले असतेच असे नाही.

घाईच्या सहीचे दुसरे उदाहरण पैशांचे आहे. फ्लोरिडा विद्यापीठाकडून खेळताना गर्व्हन डेक्स्टर याने २०२२ मध्ये एका कंपनीशी करार केला. ४ लाख ३६ हजार ४८५ डॉलर घ्यायचे आणि बदल्यात व्यावसायिक फुटबॉलमधील २५ वर्षांच्या कमाईतील १५ टक्के द्यायचे, अशी अट होती. पुढे हा करार रद्द व्हावा म्हणून त्याला न्यायालयात जावे लागले.

महिला खेळाडूंची अडचण वेगळी का?

लुइझियाना स्टेटची जिम्नॅस्ट ऑलिव्हिया डन ही या काळातील सर्वाधिक कमावणाऱ्या महिला खेळाडूंपैकी एक. जानेवारी २०२३ मध्ये एका स्पर्धेत तिच्या चाहत्यांनी एवढा गोंधळ घातला की संघाला सुरक्षा वाढवावी लागली आणि चाहत्यांनी इतर मुलींचाही मान ठेवावा, असे आवाहन तिला करावे लागले. एनसीएएने करून घेतलेल्या पाहणीतही बास्केटबॉलमधील महिला खेळाडूंना पुरुषांच्या सुमारे तिप्पट धमक्या येत असल्याचे दिसले. खाते बंद केले तर त्रास कमी होतो, पण उत्पन्नही थांबते. पुरुष खेळाडूंपुढेही हा पेच असतो, मात्र स्त्रियांना त्याची किंमत जास्त मोजावी लागते.

प्रतिमा सांभाळणे म्हणजे नेमके काय?

जुन्या पोस्ट पुसून टाकणे हा पहिला उपाय सुचतो, पण तो अपुरा आहे. स्क्रीनशॉट दुसऱ्याच्या फोनमध्ये असतो. शिवाय वादानंतर घाईने पुसलेली पोस्ट लपवाछपवी वाटते. खाते प्रसिद्धीपूर्वीच तपासणे, चूक सापडली तर सबबी न सांगता ती मान्य करणे, पैसे घेऊन टाकलेली पोस्ट जाहिरात आहे हे स्पष्ट लिहिणे आणि सही करण्यापूर्वी करार वकिलाला दाखवणे, हे अधिक टिकणारे उपाय आहेत. जाहिरात असल्याचे सांगणे अमेरिकेत नियमानेच बंधनकारक आहे.

पण सारा भार विद्यार्थ्यावर टाकणेही योग्य नाही. संघाच्या यशाचा फायदा महाविद्यालयाला मिळतो, प्रसिद्धीचा फायदा कंपनीला मिळतो. मग करार समजावून सांगणारा वकील आणि ऑनलाइन छळात मदत करणारी यंत्रणा पुरवणे ही त्यांचीही जबाबदारी ठरते. मोठ्या विद्यापीठांना हे परवडते, लहान महाविद्यालयांतील खेळाडू बहुतेकदा एकटाच असतो.

भारतीय विद्यार्थ्यांनी काय ध्यानात घ्यावे?

खेळाच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेला जाणाऱ्या मुलांसाठी एक अडथळा आहे. एफ-१ विद्यार्थी व्हिसावर काम करण्यावर कडक मर्यादा असल्याने अमेरिकेत राहून जाहिरात करणे व्हिसा धोक्यात आणू शकते. काँगोहून आलेला केंटकीचा बास्केटबॉलपटू ऑस्कर शिब्वे याने २०२२ मध्ये संघ बहामास दौऱ्यावर असताना जाहिरातींची कामे उरकली, ती याच कारणाने.

भारतात कॉलेज खेळाडूंवर एनसीएएसारखी बंदी नव्हती, मात्र जाहिरातीचे नियम आहेत. केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाच्या जानेवारी २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पैसे किंवा भेटवस्तू घेऊन केलेली पोस्ट तशी जाहीर करावी लागते. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तसे केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. जिल्हा पातळीवर खेळणाऱ्या मुलीच्या रील्स गाजू लागल्या आणि एखाद्या प्रोटीन पावडरवाल्याचा मेसेज आला, तर हे नियम तिलाही लागू होतात.