अंतरपाट दुसऱ्यांदा धरत नाहीत

आमच्या बीड जिल्ह्यात कॅमेऱ्याबद्दल सल्ला देणारे इतके झाले आहेत, की त्यांची वेगळी जनगणना घ्यावी. पावसाळ्यात कपिलधारचा धबधबा आणि नायगावचे मोर टिपून कुणी चार लोकांची शाबासकी मिळवतो. तो "आता पैसे घेऊन लग्नं काढावीत म्हणतो" असं बोलला रे बोलला, की ही मंडळी भोवती जमतात. "धंदा करायचा ना? मग फुल फ्रेमच घे!" पैसे कुठून आणायचे? हप्ते आहेत की!

या पालुपदाला माझा साफ विरोध आहे.

फुल फ्रेम म्हणजे काय? प्रकाश टिपणारा आतला तुकडा मोठा, ३६ बाय २४ मिलिमीटरचा. साध्या कॅमेऱ्यात तो साधारण २४ बाय १६ चा असतो. म्हणजे फरक सव्वादोनपट. मान्य! पण साध्या कॅमेऱ्याबरोबर येणारी १८-५५ ची लेन्स ५५ वर एफ ५.६ पर्यंतच उघडते. तिच्याऐवजी ५० मिलिमीटरची एफ १.८ लेन्स लावा, प्रकाश सुमारे दहापट आत येतो. आणि ही लेन्स बहुतेक कंपन्यांच्या यादीत स्वस्तातली असते. आता मला सांगा, लाइट गेलेल्या मांडवात सव्वादोनपट बरं, की दहापट?

राहिला अल्बम. बारा बाय अठरा इंचांचं पान उत्तम छापायला वीस मेगापिक्सेलही लागत नाहीत. साध्या कॅमेऱ्यातही आज चोवीस मिळतात.

माझा भाचा म्हणाला, "मामा, बारका कॅमेरा बघून लोक हसतील ना!"

"हसू दे की. मंगलाष्टकं संपताना तुझा एकुलता एक कॅमेरा बंद पडला, तर मात्र कुणी हसायचं नाही."

हौस आणि धंदा यांतला फरक एवढाच आहे. आज हुकलेला मोर उद्या पुन्हा पिसारा फुलवतो. अंतरपाट एकदाच खाली येतो, आणि "गुरुजी, पुन्हा धरा" असं म्हणायची सोय शास्त्रात नाही. म्हणून पैसे घेणाऱ्याने 'सगळ्यात चांगला कॅमेरा कोणता' हे विचारू नये. 'हातातला बंद पडला तर पुढे काय' हे विचारावं. उत्तर सोपं आहे: एकाच कंपनीचे, एकच लेन्स आणि बॅटरी चालणारे दोन साधे कॅमेरे. दुसरा वापरलेला असला तरी चालेल. निदान एकात तरी दोन कार्डं बसावीत, म्हणजे प्रत्येक फोटो दोन्हींवर उतरतो. शिवाय दोन फ्लॅश आणि बॅटऱ्या मोजून नव्हे, मूठभर. लांबची महागडी लेन्स लागेल त्या दिवशी भाड्याने आणावी.

हा काटकसरीचा उपदेश नव्हे. दसरा-दिवाळीच्या सुमारास आमच्याकडची माणसं उचल घेऊन ऊसतोडीला जातात, उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात आणि मग घरातली लग्नं उरकतात. त्या लग्नाच्या अल्बममध्ये कोयत्याचा पैसा असतो. तो बुडवायचा अधिकार कुणालाही नाही. आणि हप्त्यावरचा कॅमेरा तरी काय? उचलच ती! उचल घेतलेल्याला फड सोडता येत नाही, तसा हप्तेवाला कमी पैशाचं, वाईट बोलीचं, कसलंही काम घेतो. मुहूर्त काही महिन्यांचे, हप्ते बारा महिन्यांचे. पंचांगात आषाढ लागतो, फायनान्सवाल्याला लागत नाही.

दाखला हवा तर आपल्याच जुन्या राज्यातला घ्या. १९४८ पर्यंत बीड निजामाच्या मुलखात होतं. त्या निजामाच्या दरबाराचे छायाचित्रकार राजा दीन दयाळ हे मुळात इंदूरला बांधकाम खात्यात नोकरीला होते. १८७० च्या दशकात त्यांना फोटोची हौस लागली. नोकरी सोडली ती १८८० च्या दशकात, नाव झाल्यावर. पडली की फुटणाऱ्या काचेच्या प्लेटांवर काम करणारा माणूस दहाएक वर्षं दम धरतो, आणि आमच्या पोरांना पहिल्या सुपारीआधी फुल फ्रेम हवी!

घ्यावी, फुल फ्रेमही जरूर घ्यावी. पण ती झालेल्या लग्नांच्या पैशातून घ्यावी, व्हायच्या लग्नांच्या भरवशावर नव्हे. आणि सल्लागार फारच आग्रह करू लागले, तर त्यांना एवढंच म्हणावं, "काका, हप्त्याच्या कागदावर जामीन म्हणून सही करता का?" गर्दी लगेच पांगते.