विद्यामंदिरातील रहस्यकथा

इतिहासाच्या पुस्तकाआड रहस्यकथा लपवून वाचणारा विद्यार्थी प्रत्येक वर्गात एखादा तरी असतोच. अशी पुस्तके जप्त करण्याचे काम आज आमच्याकडे आहे खरे. परंतु शाळेत असताना आम्हीही याच अपराधाचे वाटेकरी होतो, हे येथे कबूल केलेले बरे. म्हणूनच 'असल्या खुनाखुनीच्या गोष्टींतून मुले काय शिकणार?' असे पालक विचारतात, तेव्हा आम्हांस घाईने उत्तर देववत नाही.

आज आम्ही रहस्यकथेच्या एकाच शाखेविषयी लिहीत आहोत. जुनी दगडी इमारत, ग्रंथालयातील मंद दिवे, प्राचीन भाषांत रमलेले व्यासंगी अध्यापक आणि त्या शांततेत गुपचूप शिरलेला गुन्हा, असा हिचा थाट असतो. अलीकडे अशा कथांना 'डार्क अकॅडेमिया' हे नाव मिळाले असून तरुण वाचक त्यांवर लुब्ध आहेत.

हे आकर्षण खुनाचे आहे काय? आम्हांस तसे वाटत नाही. डोरोथी एल. सेअर्स यांच्या 'गॉडी नाइट' (१९३५) या कादंबरीत एकही खून घडत नाही. ऑक्सफर्डमधील एका काल्पनिक महिला महाविद्यालयात निनावी, विखारी पत्रे येऊ लागतात, एका विदुषीच्या ग्रंथाच्या मुद्रितांची नासधूस होते, आणि वर्षानुवर्षे एकत्र राहणाऱ्या अध्यापिका एकमेकींकडे संशयाने पाहू लागतात. बाहेर बभ्रा झाल्यास स्त्रीशिक्षणाच्या विरोधकांना आयतेच निमित्त मिळेल, ही भीती त्यांना ग्रासते. ती भीती लेखिकेने पदरची घातलेली नाही. सेअर्स स्वतः १९१२ साली ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल महाविद्यालयात दाखल झाल्या व १९१५ साली त्यांचा अभ्यासक्रम उत्तम रीतीने पुरा झाला. परंतु त्या विद्यापीठाने स्त्रियांना पदव्या देण्यास १९२० साली प्रारंभ केला, तोवर त्यांना थांबावे लागले! कष्टाने उघडलेले दार पुन्हा मिटेल की काय, या धास्तीनेच ही कथा रंगते. पोटापाण्याचा प्रश्न असला तरी संशोधकाने पुरावा दडपावा काय, हा तिच्यातील प्रश्न तर गुन्हेगार सापडल्यावरही वाचकाची पाठ सोडत नाही. गुन्हेगार कोण, हे मात्र आम्ही सांगणार नाही. ते पातक आम्हांस नको.

डोना टार्ट या अमेरिकन लेखिकेने 'द सीक्रेट हिस्टरी' (१९९२) मध्ये याहून धीट मार्ग पत्करला आहे. मृत कोण आणि मारणारे कोण, हे आरंभीच सांगून टाकले आहे. उरतो तो प्रश्न एवढाच, की ग्रीक शिकणारी ही बुद्धिमान मुले येथवर आली कशी? कथा सांगणारा रिचर्ड हा कॅलिफोर्नियातील एका पेट्रोल पंपवाल्याचा मुलगा. त्या ऐटबाज मंडळींत आपणांस जागा मिळावी म्हणून तो घरच्या परिस्थितीविषयी खोटे बोलतो. तेथून त्याचा पाय घसरत जातो, आणि अखेर सोबत्याच्या खुनातही तो भागीदार होतो.

हे वाचताना आम्हांस आमचेच दिवस आठवले. घरची बोली कोंकणी आणि शाळेची भाषा मराठी, एवढ्या शिदोरीवर आम्ही महाविद्यालयात पाऊल टाकले. अस्खलित इंग्रजी बोलणाऱ्यांच्या घोळक्यात, कधी हातीही न धरलेल्या पुस्तकांची नावे निघाली की आम्ही जाणत्यासारखी मान डोलावीत असू. ते खोटे लहान होते. परंतु रिचर्डचे पहिले खोटे तरी कोठे मोठे होते?

आमच्या मते या कथांची खरी मोहिनी येथेच आहे. विद्येचे दार बाहेरून फार सुंदर दिसते, आणि आत आपणांस कोणी आपले म्हणावे, असे प्रत्येक तरुण मनास वाटते. ही ओढ वाईट नव्हे. तिच्यावाचून कोणी शिकणारच नाही. परंतु ज्ञानाने माणूस आपोआप चांगला होत नाही, आणि चार ग्रंथ अधिक वाचल्याने कोणी सामान्य माणसांच्या नीतिनियमांतून सुटत नाही, हे या कादंबऱ्या आमच्या दहा व्याख्यानांहून अधिक परिणामकारकपणे सांगतात.

तेव्हा पालकांस आमची विनंती अशी, की थोड्या जाणत्या वयाच्या मुलांच्या हातून ही पुस्तके हिसकावून घेऊ नका; ती स्वतः वाचा आणि जेवणाच्या वेळी त्यांवर वाद घाला. आणि विद्यार्थी मित्रहो, तुम्ही उद्या मोठ्या शहरातील एखाद्या महाविद्यालयात जाल. तेथे पुस्तक वाचले नसेल तर 'नाही वाचले' म्हणा, आणि ते मागून घ्या. वडील काय करतात असे कोणी विचारले, तर जे खरे असेल तेच ताठ मानेने सांगा.