चाकं काढा, पातं लावा

गेल्या मे महिन्यात दोन दिवस जळगावला ताईकडे गेलो होतो. बाहेर पारा 44 वर, रस्त्यावर चिटपाखरू नाही, घरात कूलरची घरघर. आणि हॉलमध्ये चटईवर बसून आमचा भाचा (वय वर्षं तेरा) बर्फावरच्या स्केट्सच्या पात्यांना तेल लावत होता! शेजारच्या काकू डोकावल्या. "काय करी ऱ्हायना रे भाऊ?" तो म्हणाला, "बर्फावरचं पातं आहे काकू, गंज चढू नये म्हणून पुसतोय." काकूंनी एकदा पात्याकडे पाहिलं, एकदा कूलरकडे, आणि काही न बोलता गेल्या.

हसू नका. आपल्याकडची बर्फावर स्केटिंग करणारी बरीच पोरं आधी डांबरावर आणि सिमेंटवरच शिकतात. बर्फ मिळायचा तर सिमला गाठा (तिथला नैसर्गिक बर्फाचा रिंक 1920 पासूनचा), नाहीतर लेह, जिथे 2024 आणि 2025 मध्ये खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा झाल्या, नाहीतर देहरादून. देहरादूनचा रिंक 2011 च्या दक्षिण आशियाई स्पर्धांसाठी बांधला, मग वर्षानुवर्षं बंद पडला आणि 2025 मध्ये तिथे आशियाई शॉर्ट ट्रॅक स्पर्धा झाली. म्हणजे वर्षातले आठ-दहा दिवस बर्फ, बाकी सगळं ऊन. त्यासाठी वेगळे बूट कोण घेणार?

इथेच मला, एका सॉफ्टवेअरवाल्याला, भारी आवडणारी गोष्ट येते. स्पीड स्केटिंगचा बूट आणि खालचा सांगाडा या दोन वेगळ्या वस्तू असतात. मध्ये फक्त दोन स्क्रू. त्या दोन स्क्रूंमधलं अंतर बऱ्याच बुटांत 195 मिलिमीटर. अंतर जुळलं की त्याच बुटाची चाकं काढा, पातं लावा. आमच्या भाषेत इंटरफेस ठरलेला आहे, आत काय बसवायचं ते तुमचं तुम्ही बघा. चाकांचं बेअरिंगही असंच, 608 नंबरचं. आतला व्यास 8, बाहेरचा 22, रुंदी 7 मिलिमीटर. हेच बेअरिंग छोट्या ग्राइंडरमध्येही सापडतं. मी ते धुळ्याच्या एका बेअरिंगच्या दुकानातून आणलं. एका जोडीला आठ चाकं, म्हणजे सोळा बेअरिंग. दुकानदाराने विचारलं, "कोन्त्या मशिनले पाहिजे भाऊ?" मी म्हटलं, "पोराच्या पायाला." तो खो खो हसला, पण माल चोख दिला.

तेव्हा माझं मत सरळ आहे. ही कामं घरीच करावीत. दाजी म्हणतात, "अरे, एखाद्या दुकानात टाकून दे ना, कशाला डोक्याला ताप?" पण पातं बदलणारं दुकान जळगावात मला तरी कुठे दिसलं नाही. आणि असतं तरी मी हेच म्हटलं असतं. केंद्र सरकारने डिसेंबर 2022 मध्ये 'राइट टू रिपेअर'चं पोर्टल काढलं, चांगलं केलं. पण हक्क मिळून उपयोग काय, हातात पाना धरायची सवयच नसेल तर?

आता माझी फजिती. दोन वर्षांपूर्वी भाच्याचं पहिलं बर्फावरचं शिबिर होतं. निघायच्या आदल्या रात्री तो झोपला होता आणि मी मोठ्या उत्साहाने पाती बसवली. पट्टी लावून, मोजून, बुटाच्या अगदी मधोमध. काय ती सिमेट्री! मीच माझ्यावर खूश. तिसऱ्या दिवशी ताईचा फोन. पहिल्याच जोराच्या वळणावर पोरगा आडवा, मनगट सुजलेलं, बाकीचं शिबिर बाकावर बसून.

झालं असं, की शॉर्ट ट्रॅकमध्ये सगळी वळणं डावीकडेच. म्हणून दोन्ही पाती मध्यापासून थोडी डावीकडे सरकवून लावतात, म्हणजे उजव्या बुटाचं आतल्या बाजूला आणि डाव्याचं बाहेरच्या. नाहीतर खेळाडू झुकला की बुटाची कड बर्फाला टेकते आणि पातं सुटतं. नेमकं तेच झालं. सरकवायला खाचा दिलेल्या असतात. मला वाटलं होतं, त्या ढिलाईसाठी आहेत!

ताई एक शब्द बोलली नाही. तेच जास्त लागलं.

बरेच दिवस मला वाटत होतं, माझी चूक मोजमापाची. आता वाटतं, चूक त्याआधीची. पायात घालणारा झोपलेला असताना मी ते काम केलं. त्याने स्वतः केलं असतं तर निदान प्रशिक्षकांना दाखवून "हे असं का?" एवढं तरी विचारलं असतं. मी विचारलं नाही, कारण पडणार मी नव्हतो.

तेव्हापासून घरात नियम आहे. पाना त्याच्या हातात, मामा फक्त टॉर्च धरणार. धारही तोच लावतो. दोन्ही स्केट्स उलटे करून चौकटीत आवळायचे, सपाट दगड दोन्ही पात्यांवरून एकदम फिरवायचा, मग कडेला निघालेली बारीक कोर छोट्या दगडाने काढायची. तासभर लागतो. पात्याचा लांबीतला गोलावा बिघडला तर मात्र जाणकाराकडेच द्यायचं, तिथे घरगुती शहाणपण नको.

आपण आयटीवाले मुलांना काय काय घेऊन देतो. त्यातलं एक तरी त्यांना स्वतः खोलू द्या. स्क्रू हरवतील, बोटं काळी होतील. होऊ द्यात.

निघताना भाच्याला विचारलं, "सगळे स्क्रू घट्ट आहेत ना रे?" त्याने पाना माझ्यासमोर धरला. "मामा, तू बघ. पण हात लावू नकोस."