गाणं बाईचं, नाव लोकांचं

जवाहरनगरच्या दारूगोळा कारखान्याची वसाहत ओलांडली की धानाच्या बांध्या लागतात. या झाडीपट्टीत खडीगंमत रंगवणाऱ्या शाहिराचं नाव गाव विसरत नाही. गाण्याच्या शेवटी तो स्वतःचं नाव गुंफतो, गुरूचं घेतो. गमतीत बाईचं सोंगसुद्धा पुरुषच आणत आला. आणि चिखलात वाकून रोवणी करताना बाया गातात ते काय? तर 'लोकगीत'! या शब्दाचा मला राग आहे. हे 'लोक' म्हणजे कोण? गाणं रचणारीला नाव नव्हतं का?

कुणी म्हणेल, ओवी एकीची नसते, दुसरी तीत भर घालते. मान्य. पण शाहीरही चाल गुरूकडूनच उचलतो, ढोलकीवाला नसेल तर त्याचाही फड उभा राहत नाही. तरी नाव एकट्याचं लागतंच ना!

बहिणाबाई चौधरींचं उदाहरण लगेच पुढे केलं जाईल. त्या निरक्षर होत्या, तरी २०१८ साली जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव मिळालं. आनंदच आहे. पण ते घडलं कसं? मुलगा सोपानदेव स्वतः कवी. त्यांनी आणि एका नातलगाने गाणी टिपून ठेवली. १९५१ मध्ये बहिणाबाई गेल्या, मग वही आचार्य अत्र्यांपुढे आली आणि १९५२ मध्ये पुस्तक निघालं. स्वतःचं पुस्तक त्या बाईने पाहिलंच नाही. म्हणजे शेतात राबणारी बाई कवयित्री ठरायला पोटी कवी मुलगा हवा, वर एक अत्रे हवेत. असा मुलगा नसलेल्या बाकी सगळ्या 'लोक'.

दुसरी वाट नाही असं नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी सहकाऱ्यांसह जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, त्या गाणारीच्या नावागावासकट. परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे त्यामुळेच आज नावानिशी ओळखल्या जातात.

मैत्रिणींनो, आता आपल्या चळवळीच्या गाण्यांच्या पुस्तिका काढून पाहा. चाल बायांची, आणि खाली छापलेलं 'पारंपरिक'. शिबिरात रोवणीची मजूर बाई गाते, टाळ्या पडतात, अहवालात 'सांस्कृतिक कार्यक्रम झाला' एवढंच. हजेरीपटावर तिचा अंगठा असतो, गाण्याखाली नाव नसतं. पुढच्या शिबिरात तिला विचारा: नाव काय, माहेर कुठलं, हे कुणाकडून शिकलीस, यातलं तुझं किती? ती लाजेल, 'माझं कशाला' म्हणेल. तिला पुन्हा विचारा.