विश्लेषण : सौरछत झाले, सायंकाळचे काय?

दुपारी वीज मुबलक आणि सायंकाळी सातला टंचाई, हे देशाच्या वीजव्यवस्थेचे आता रोजचे चित्र झाले आहे. छतावर सौर पॅनल बसवून बिल कमी केलेल्या कारखान्यांना, शीतगृहांना आणि मॉलना त्याची झळ बिलातूनच बसते आहे. किती युनिट तयार केली, यापेक्षा ती कोणत्या वेळी हाताशी आली, याला महत्त्व आले आहे. बॅटरी आणि इमारतीच्या भिंतीतच बसवलेले सौर पॅनल ही त्यावरची दोन उत्तरे. ती कोणाला परवडतात?

हिशेब का बदलला?

केंद्र सरकारने जून २०२३ मध्ये वीज ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती केली. १० किलोवॉटपेक्षा अधिक मागणी असलेल्या व्यावसायिक आणि औद्योगिक ग्राहकांसाठी १ एप्रिल २०२४ पासून वेळेनुसार दर आले. सौर तासांत दर नेहमीपेक्षा किमान २० टक्के कमी आणि सर्वाधिक मागणीच्या तासांत किमान २० टक्के जास्त, असे सूत्र ठरले. महाराष्ट्रात २०२५ च्या दर आदेशांत सकाळी ९ ते सायंकाळी ५ हे स्वस्त, तर सायंकाळी ५ ते रात्री १२ हे महाग तास ठरवण्यात आले. छतावरची वीज नेमकी स्वस्त तासांत तयार होते. त्यामुळे तिने वाचवलेल्या युनिटचे मोल घटले. दुसरी पाळी चालवणाऱ्या उद्योगाचे बिल मात्र चढेच राहिले.

बॅटरीचे गणित जुळते का?

एक उदाहरण घेऊ. नेहमीचा दर ९ रुपये धरला, तर सौर तासांत तो ७ रुपये २० पैसे आणि सायंकाळी १० रुपये ८० पैसे होतो. दुपारी बॅटरी भरून सायंकाळी वापरली तर काही वीज वाया जाते. एक युनिट मिळवण्यासाठी १.१५ युनिट भरावी लागली, असे समजू. म्हणजे खर्च ८ रुपये २८ पैसे आणि बचत अडीच रुपये. आता बॅटरी बसवण्याचा खर्च प्रतियुनिट क्षमतेला १५ हजार रुपये आणि आयुष्य सहा हजार वेळा भरण्याचे धरले, तर झीजही अडीच रुपयेच येते. व्याज वेगळेच. म्हणजे फक्त स्वस्त वीज घेऊन महाग तासांत वापरण्यासाठी बॅटरी घेतली, तर पदरात फारसे काही पडत नाही.

गणित जुळते ते तिला आणखी कामे दिल्यावर. पहिले काम, कारखान्यात वापरूनही उरणारी सौरवीज साठवणे. साप्ताहिक सुट्टीला ती हमखास उरते. दुसरे काम मागणी आकार कमी करण्याचे. मोठी यंत्रे एकदम सुरू झाली की मागणी उसळते आणि महिनाभराच्या बिलावर तिचा भार पडतो. तो उंचवटा बॅटरी कापू शकते. तिसरे काम डिझेल वाचवण्याचे. एका लिटरमधून जनित्र साधारण साडेतीन युनिट देते. डिझेल ९० रुपये लिटर धरले तरी एका युनिटला २५ रुपयांहून अधिक पडतात. वारंवार वीज जाणाऱ्या औद्योगिक वसाहतीत हे एकच कारण पुरेसे ठरू शकते.

भिंतीवरची वीज किती?

बहुमजली इमारतीचे छत लहान आणि भिंती मोठ्या असतात. तिथे काचेच्या किंवा पत्र्याच्या आवरणाऐवजी थेट सौर पॅनल लावण्याचे तंत्र ‘बीआयपीव्ही’ नावाने ओळखले जाते. मुंबईतील एका डेटा सेंटरच्या चारही भिंतींवर २०२१ मध्ये सुमारे ८६३ किलोवॉटचे असे पॅनल बसवले गेले.

पण भिंत म्हणजे छत नव्हे. उभ्या पॅनलला ऊन तिरके लागते, म्हणून तेवढ्याच क्षमतेत वीज बरीच कमी मिळते. मुंबईत मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत मध्यान्हीचा सूर्य डोक्याच्याही उत्तरेला असतो. त्या काळात दक्षिणेच्या भिंतीला दुपारचे थेट ऊन मिळतच नाही. पश्चिमेच्या भिंतीवर मात्र मध्यान्हीनंतर ऊन येते. महाग तास सुरू होताना तिची वीज हाताशी असते. त्यामुळे नवी इमारत उभी राहत असेल किंवा जुने आवरण बदलायचेच असेल, तर ही भिंत विचारात घ्यावी. आवरणाचा खर्च तसाही होणारच असतो. चांगली भिंत फोडून पॅनल लावणे क्वचितच परवडेल.

सुरक्षेकडेही काणाडोळा नको. ऊन असेपर्यंत पॅनलमधून वीज येतच राहते, त्यामुळे आग विझवताना धोका वाढतो. जानेवारी २०२५ मध्ये कॅलिफोर्नियातील मॉस लँडिंग इथल्या बॅटरी प्रकल्पाला मोठी आग लागली होती. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी तुलनेने सुरक्षित मानली जाते. तरीही तिला स्वतंत्र जागा, वायुविजन आणि अग्निशमन यंत्रणा हवीच.

अडले कुठे?

बॅटरीचा हिशेब दहा-पंधरा वर्षांचा असतो. महाराष्ट्रात मात्र मार्च २०२५ मध्ये दर आदेश निघाला, काही दिवसांतच त्याला स्थगिती मिळाली आणि जूनअखेर फेरआढाव्याचा आदेश आला. इतक्या लवकर नियम हलले, तर बँक लघुउद्योजकाला कर्ज कशाच्या भरवशावर देणार? मोठी कंपनी अशी अनिश्चितता पचवते. इचलकरंजीतला यंत्रमागधारक ती पचवू शकत नाही.

महावितरणचीही बाजू आहे. शेतीच्या स्वस्त विजेचा भार काही प्रमाणात उद्योगांच्या दरांतून भरून निघतो. उद्योग स्वतःची वीज वापरू लागले की ही वसुली आटते. पण बॅटरीमुळे सायंकाळची मागणी कमी झाली, तर महागडी वीज खरेदी करण्याची महावितरणची गरजही कमी होते. या लाभातला वाटा ग्राहकाला मिळायला हवा.

उद्योजकाने काय करावे?

आधी वर्षभराची बिले काढून तासानुसार वापर पाहावा. जे काम दुपारी हलवता येते ते हलवावे. त्याला पैसा लागत नाही. मग छत, त्यानंतर गरजेपुरती बॅटरी आणि शेवटी भिंत, असा क्रम ठेवावा. नियामक आयोगाने आपल्या बाजूने एक गोष्ट करावी : आज गुंतवणूक करणाऱ्याला आजचे तास आणि वीज वजावटीचे नियम ठरावीक वर्षे कायम राहतील, अशी लेखी हमी द्यावी. अनुदानापेक्षा या हमीची लघुउद्योगांना जास्त गरज आहे.